आजारी पिलासाठी कोथरूडमधील एक प्राणी-दवाखाना

चिपडांनी डोळे मिटलेले, सतत शिंकणारे मांजरीचे बेवारस पिलू आम्ही येथे दाखवले. विषाणूजन्य सर्दीवर जिवाणूसंसर्ग झाल्याचे निदान करून डॉक्टरांनी डोळे कोमट सलाइनने पुसण्याची रीत स्वतः दाखवली आणि गाईच्या दुधातील लॅक्टोज ही साखर पिलांना नीट पचत नसल्याने जुलाब होऊ शकतात, हे समजावून त्याऐवजी पिलांसाठीची दुधाची भुकटी सुचवली. जंतनाशकाची मात्रा वजन करूनच ठरवली. लसीकरण प्रकृती सुधारेपर्यंत लांबवले, जे योग्यच होते. शुल्क माफक आहे. कुत्री-मांजरे एकाच खोलीत ताटकळत ठेवणे मात्र घाबरलेल्या पिलाच्या दृष्टीने गैर वाटते. दत्तक देण्यासाठी मदत फलकावर छायाचित्र लावण्यापुरतीच मिळते, तरी घेणाऱ्या कुटुंबाकडून नसबंदीची लेखी हमी घेतली जाते, हे मला सर्वाधिक पटले.