पाच किलोचा डिजिटल काटा आणि मापाचे कप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

केकच्या कृतीत ‘दोन कप मैदा’ असतो आणि गावच्या दुकानात मैदा किलोवर मिळतो. यातला घोळ मिटवायला काटाच लागतो. पाच किलोपर्यंत तोलणारा, एक ग्रॅमचा फरक दाखवणारा साधा काटा घरच्या बेकिंगला पुरतो. सोबत २४० मिलीचा कप आणि चमच्यांचा संच हवा.

कपातल्या पिठाचं वजन कप कसा भरला त्यावर ठरतं. चाळलेला मैदा चमच्याने कपात हलका सोडून सुरीने सपाट केला, तर १२० ते १२५ ग्रॅम भरतो. तोच कप डब्यात खुपसून काढला की १४० ते १५० ग्रॅम. दोन कपांत पन्नास ग्रॅम मैदा असाच जास्त जातो. मग केक वर तडकतो, आत कोरडा होतो, आणि आपण बेकिंग पावडर जुनी असेल म्हणून ती बदलत बसतो. गिरणीवरून नुकतीच आलेली कणीक फुगलेली असते, दोन दिवस डब्यात बसली की तोच कप जड भरतो. धान्य मोजताना पायली शिगेची (वर ढीग केलेली) की सपाट, हे जसं आधी ठरवावं लागतं, तसंच हे आहे.

घरातली वाटीच वापरायची असेल तर रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितक्या मिलीची वाटी. हलक्या भरलेल्या मैद्याचं वजन त्याच्या निम्मं धरा: १५० मिलीच्या वाटीत ७५ ग्रॅम. हा हिशोब रवा-साखरेला लावू नका. २४० मिलीच्या कपात साखर २०० ग्रॅम बसते, रवा १७० च्या आसपास.

नानखटाईत तर वजनाशिवाय हात घालूच नये. मैदा ५००, पिठीसाखर २५०, तूप २५० ग्रॅम. मैदा वाढला की गोळा वळत नाही, भेगा पडतात. कमी पडला की भट्टीत पसरून पापडी होते.

आता काट्याच्या खोडी. युनिटचं बटण चुकून दाबलं जातं आणि काटा मिली दाखवू लागतो. तो पाण्याच्या हिशोबाने दाखवतो, म्हणजे १२५ ग्रॅम मैद्याला १२५ मिली. प्रत्यक्षात तो अडीचशे मिलीच्या आसपास असतो! पीठ टाकायच्या आधी कोपऱ्यातलं ‘ग्रॅम’ बघायची सवय लावा. चिमूट चिमूट टाकलेलं पीठ बरेच काटे मोजतच नाहीत, आकडा हलत नाही. पिठाचा गंज (पातेलं) उचलून परत ठेवला की बहुतेक वेळा खरं वजन दिसतं. सोडा, बेकिंग पावडर मात्र चमच्यानेच घ्या, सपाट करून. चार ग्रॅममध्ये एका ग्रॅमची चूक फार मोठी होते.

सारवलेल्या जमिनीवर काटा डुगडुगतो, फरशीचा तुकडा खाली हवाच. मोजताना पंखा बंद करा.

घेताना रिमोटच्या सेलवर चालणारा काटा बघा. ते सेल गावात मिळतात, बटणसेलसाठी तालुक्याला जावं लागतं. सेल उतरला की आकडा आपोआप सरकत राहतो, तेव्हा आधी सेल बदला. कपाच्या बुडाशी २४० आहे की २५० तेही वाचूनच घ्या, दोन्ही विकायला असतात.