हेलिकॉप्टरसाठी पेशंट बनवला: एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर झालेली फसवणूक

एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक ठरवत असाल, त्यातही नवरा-बायको दोघंच जाणार असाल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. आम्हाला वाटेवरच्या डिंगबोचे गावाहून हेलिकॉप्टरने खाली आणलं गेलं. त्याची काडीचीही गरज नव्हती. हे सगळं आधीपासून ठरलेलं होतं, असं मी आज बिलं आणि मेसेज समोर ठेवून सांगते आहे.

आमची तयारी नीट होती. हे आधीच सांगते, कारण परत आल्यावर ज्याला त्याला तीच शंका. पाठीवर वजन घेऊन सिंहगड, भर उन्हात कळसूबाई, राजगड ते तोरणा ही चाल, डॉक्टरांकडून तपासणी, स्ट्रेस टेस्ट, सगळं झालं होतं. पण सह्याद्री पाय तयार करतो, उंचीची सवय लावू शकत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, तर बेस कॅम्प ५,३६४. विरळ हवेतली डोकेदुखी कशी असते, त्यातली साधी कोणती आणि धोक्याची कोणती, हे इथे राहून कळायला मार्गच नाही. या टोळ्यांचा धंदा नेमका त्यावर चालतो.

पॅकेज घेतलं ते पुण्यातल्या एका आयोजकाकडून. बोलायला गोड, आपल्याच भाषेतला, दोन ओळखीच्यांनी नाव सुचवलेलं. दर इतरांपेक्षा बराच कमी होता. कारण विचारलं तर म्हणाला, "काठमांडूत आपली थेट टीम आहे, मधला दलाल नाही." प्रत्यक्षात त्याने आम्हाला तिथल्या एका कंपनीकडे सोपवलं आणि तो बाजूला झाला. विम्याबाबत मात्र त्याचा भलताच आग्रह. हेलिकॉप्टर रेस्क्यूचं कव्हर हवंच, पॉलिसीची प्रत निघण्याआधी पाठवा, रक्कम किती आहे ते कळवा. विमा हवाच, त्याबद्दल दुमत नाही. पण लुक्लाला, म्हणजे जिथून चाल सुरू होते त्या विमानतळावर उतरल्यावर गाइडने आमची तब्येत, औषधं, ॲलर्जी यातलं काहीही न विचारता आधी पॉलिसीचा फोटो काढून घेतला, तेव्हा मला ते खटकलं होतं.

ऑक्टोबरच्या गर्दीत लुक्लाची विमानं बहुतेक काठमांडूहून नाही, तर रामेछापच्या मन्थली विमानतळावरून सुटतात. म्हणजे मध्यरात्री जीपने निघायचं, चार-पाच तास वळणावळणाचा रस्ता, आणि पहाटे विमानासाठी रांग. अंग आंबलेलं असतानाच चाल सुरू होते. मोंजोला सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क भरतात. सार्क देशांच्या, म्हणजे आपल्याही, नागरिकांना ते १,५०० नेपाळी रुपये आणि वर कर, इतर परदेशी लोकांना त्याच्या दुप्पट. आमच्याकडून आयोजकाने दुप्पट दराने पैसे घेतले होते. पावती मागितली तर गाइड म्हणाला, ऑफिसात मिळेल. ती अजून मिळालेली नाही.

खरा खेळ नामचेला सुरू झाला. नामचे ३,४४० मीटरवर आहे. तिथे एक दिवस थांबून, थोडं वर चढून पुन्हा खाली येऊन झोपायचं, ही या वाटेवरची सर्वमान्य पद्धत. आमच्या छापील कार्यक्रमातही तसंच होतं. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. गाइडने सकाळी सातलाच बॅगा बांधायला लावल्या. हवा बिघडणार आहे, पुढे लॉजमध्ये जागा मिळणार नाही, विश्रांती डिंगबोचेत घेऊ. आम्ही विरोध केला. तर म्हणाला, मग पुढच्या मुक्कामांची सोय तुमची तुम्ही बघा. आकाश लख्ख निळं होतं. फाकडिंग २,६१०, नामचे ३,४४०, तेंगबोचे ३,८६०, डिंगबोचे ४,४१०. पहिल्या मुक्कामापासून चौथ्यापर्यंत १,८०० मीटर, एकही दिवस न थांबता. कुणाचंही डोकं दुखेल.

माझ्या नवऱ्याचं दुखलं. जेवण जाईना, एकदा मळमळ झाली. पण तो स्वतःच्या पायांनी नीट चालत होता, बोलत होता, बसल्या जागी धाप नव्हती. गाइडने शेगडीजवळ बसवून त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा आला ८२. गाइडने चेहरा पाडला. "दीदी, आपके शहर में इतना होता तो आईसीयू में डालते." घाबरून मी माझं बोट पुढे केलं. आकडा आला ८४. मला काहीही होत नव्हतं, डाळभात पोटभर खाल्ला होता! मी तसं म्हटल्याबरोबर त्याने यंत्र काढून खिशात टाकलं आणि सांगितलं की थंडीत ते चुकीचं दाखवतं. त्या उंचीवर ऐंशीच्या घरातले आकडे धडधाकट माणसांचेही येतात, हे मला नंतर पुण्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. नुसत्या आकड्यावर निदान करायचंच नसतं.

मग त्याने आम्हाला वेगळं केलं. मला स्वयंपाकघराकडे बोलावून म्हणाला, "रात को पानी फेफड़े में चला गया तो मैं जिम्मेदार नहीं, हेलिकॉप्टर रात को नहीं उड़ता." तोंडचं पाणी पळालं माझ्या. त्याच संध्याकाळी त्याने खोलीत जाऊन नवऱ्याला सांगितलं की दीदी फार घाबरली आहे, रडते आहे, तिच्यासाठी तरी खाली चला. मी रडत नव्हते. तो माझ्यासाठी तयार झाला आणि मी त्याच्यासाठी. दोघांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या, हे काठमांडूत बोलताना उघड झालं. जोडप्यांना म्हणूनच जपून राहायला सांगते आहे. एकाला पकडलं की दुसरा आपोआप येतो, दोघांचाही ट्रेक संपतो, आणि उरलेल्या दिवसांचा राहण्याजेवणाचा खर्चही कंपनीचा वाचतो.

डिंगबोचेहून टेकडी ओलांडली की अर्ध्या-पाऊण तासावर फेरिचे आहे. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं क्लिनिक १९७३ पासून आहे आणि ट्रेकिंगच्या हंगामात तिथे उंचीच्या आजारांची जाण असलेले डॉक्टर बसतात. आमच्या गाइडने त्याचं नावही काढलं नाही. मीच विचारलं, "जवळ डॉक्टर आहे का?" तर म्हणाला, काठमांडूशिवाय कुठेच नाही.

सकाळी नवऱ्याचं डोकं बरंच उतरलं होतं. चहा-टोस्ट खाऊन तो म्हणाला, एक दिवस इथेच थांबून बघू. तेव्हा गाइडने शेवटचा फास टाकला: हेलिकॉप्टर निघालं आहे, आता रद्द केलंत तर पैसे तुम्ही भरा, बसलात तर विमा कंपनी भरेल, मी त्यांच्याशी बोललो आहे.

हेलिकॉप्टरमध्ये आमच्यासोबत बंगळुरूचा एक मुलगा होता. वाटेत लुक्लाला आणखी दोघं चढली. काठमांडू जेमतेम १,४०० मीटरवर. उतरता उतरताच नवऱ्याची डोकेदुखी गेली. तरीही रुग्णवाहिका तयार होती. एका खासगी रुग्णालयात सलाइन, रक्ताच्या ढीगभर तपासण्या, सीटी स्कॅन. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. डिस्चार्जच्या कागदावर मात्र फुप्फुसात पाणी झाल्याचा संशय लिहिला. विमा कंपनीचं हमीपत्र येईपर्यंत पासपोर्ट काउंटरवर ठेवून घेतले.

हमीपत्र आलंच नाही. कंपनीच्या मदतकेंद्राला गाइडने फोन केलाच नव्हता आणि आधी मंजुरी न घेता हेलिकॉप्टर मागवलं तर दावा फेटाळता येतो, हे पॉलिसीत लिहिलेलं आहे. शेवटी क्रेडिट कार्डावर भरून सुटका करून घेतली. हेलिकॉप्टरचं बिल होतं साडेचार हजार डॉलर, अख्ख्या हेलिकॉप्टरचं, नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर. बंगळुरूच्या मुलाशी नंतर बोलणं झालं. त्याने त्याचं बिल पाठवलं. तीच तारीख, तोच हेलिकॉप्टरचा नोंदणी क्रमांक, उड्डाणाची तीच वेळ, आणि तेवढीच पूर्ण रक्कम. दोन कागद शेजारी ठेवले तेव्हा संशयाला जागाच उरली नाही.

हे आमच्यापुरतं नाही. २०१८ मध्ये हा प्रकार जगभर गाजला. नेपाळ सरकारच्या चौकशीत ट्रेकिंग कंपन्या, हेलिकॉप्टर चालवणारे आणि रुग्णालयं यांचं संगनमत समोर आलं, परदेशी विमा कंपन्यांनी नेपाळसाठी विमा बंद करण्याचा इशारा दिला, आणि सरकारला रेस्क्यूचे नवे नियम आणावे लागले. गणित सोपं आहे. ट्रेक तोट्यात विकायचा आणि तूट हेलिकॉप्टर व रुग्णालयाच्या कमिशनमधून भरून काढायची. आमच्या पॅकेजचा दर कमी का होता, त्याचं उत्तर हे. प्रामाणिक गाइड तिथे आहेत, भरपूर आहेत. डिंगबोचेच्या लॉजमधलाच एक गाइड आपल्या आजारी ट्रेकरला लसणाचं सूप पाजून दोन रात्री तिथेच थांबला होता.

हेलिकॉप्टरला घाबरा, असं मी म्हणत नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, सरळ रेषेत पाऊल टाकता येत नसेल, माणूस असंबद्ध बोलत असेल, तर एक क्षणही न दवडता खाली उतरवा, हेलिकॉप्टर मिळालं तर त्याने. नुसतं डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर वर जायचं नाही, त्याच उंचीवर थांबायचं. वाढलं तर खाली यायचं. विमा कंपनीच्या मदतकेंद्राला फोन स्वतः करा, दाव्याचा क्रमांक स्वतः घ्या. आणि गाइड दोघांपैकी एकाशीच वेगळं बोलला तर ते लगेच दुसऱ्याला सांगा.

आम्ही काठमांडूच्या पर्यटक पोलिसांकडे लेखी तक्रार दिली आहे, पुण्यातल्या आयोजकाविरुद्ध ग्राहक आयोगात दावा टाकतो आहोत. तो आता फोन उचलत नाही. ज्यांना डिंगबोचे, लोबुचे किंवा गोरक्षेपहून असंच उतरवलं गेलं असेल त्यांनी आपलं बिल काढून त्यावरचा नोंदणी क्रमांक बघावा, आणि सोबत हेलिकॉप्टरमध्ये कोण होतं ते आठवून त्यांचं बिल मागवावं. तक्रारीला दोन बिलं जोडली की ती नाकारणं अवघड जातं.