तोंडाला तांबं, पोटात अल्युमिनियम

२२ वर्षं ग्रिल-गेटचं काम करतोय आणि वेल्डिंग मशीन घेताना फसलो. सांगायलाही लाज वाटते. बायकोला तर अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

स्वस्तात मिळतंय म्हणून धावलो, असं कुणी समजू नका. इन्व्हर्टर मशीनचं कार्ड, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, एकाच पावसाळ्यात दोनदा उडालं, दर वेळी ३,५०० रुपये. म्हणून ठरवलं, जुनं तेलातलं मशीन घ्यायचं, वजनदार पण बिनतक्रार. कुर्ल्यात एका गाळ्यावर ३०० अँपिअरचं दिसलं. "प्युअर कॉपर वायंडिंग आहे दादा, कंपनीतून निघालंय." वायंडिंग म्हणजे आतली तारेची गुंडाळी. झाकण उघडून दाखवलं. तेल काठोकाठ, वर आलेली टोकं तांब्याची, चकचकीत. रंग इतका ताजा की बोटाला हिरवा लागला. तो मी पँटला पुसला.

पण खरी चीड पुढच्या गोष्टीची आहे. माझ्या पिशवीत ८ नंबरच्या, म्हणजे जाड, रॉडचं पाकीट होतं. मुद्दाम नेलेलं! ते काढलं तर तो म्हणाला, "आता लोड नको दादा, बाजूवाल्यांचे लाइट डिम होतात, भांडायला येतात." आणि स्वतःच १२ नंबरचा बारीक रॉड होल्डरला लावून माझ्या हातात दिला. अर्धा जाळला असेन. बीड, म्हणजे वेल्डिंगची रेघ, अशी बसली की मीच खूश. पाकीट परत पिशवीत. अरे, १२ नंबरला ७०-८० अँपिअर पुरतात, कुठलंही भंगार मशीन ते देतं. ८ नंबरला दीडशेच्या वर लागतात, मशीनचा दम तिथे कळतो. हे मी माझ्याच पोरांना शिकवतो. गर्दी होती, टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, काय करणार.

३,००० यूपीआयने, २१,५०० रोख. टेम्पो १,२००, हमाली ४००. एकूण २६,१००. बिल मागितलं तर "जीएसटी लागेल मग". मी गप्प. रोख देऊ नका. बिलावर मशीनचा नंबर आणि 'कॉपर वायंडिंग' हे दोन शब्द लिहून घेतल्याशिवाय तर मुळीच देऊ नका.

तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या गेटचं काम, ८ नंबरचा चौथा रॉड, आणि झाकणातून धूर. वायंडिंगवाल्याने कॉइल बाहेर काढून कानस मारली. आत पांढरंफटक अल्युमिनियम, फक्त टोकांना वीतभर तांबं जोडलेलं. त्याच जाडीच्या तांब्याच्या मानाने अल्युमिनियम साधारण ६० टक्केच वीज वाहून नेतं, म्हणून तार जाड घ्यावी लागते. इथे तीही बारीक. अल्युमिनियमचं मशीन वाईट नसतं हो, हलक्या कामाला चालतं, पण मग भाव तसा लावा! कॉइल तांब्याच्या तारेत नव्याने भरायचे १६,००० सांगितले. तेलात बुडालेल्या कॉइलवर डोळ्यांनी विश्वास ठेवू नका. आपला वायंडिंगवाला सोबत न्या, ५०० रुपये घेईल.

गाळेवाला म्हणाला, "तुम्ही चालवून बघितलं ना?"

पोलिस चौकीत पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी, "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." यूपीआयचा मेसेज दाखवला तर म्हणे सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन करा. अहो, माणूस समोर बसलाय, गाळा तिथेच आहे, सायबरचा काय संबंध? खोटं सांगून पैसे घेणं म्हणजे फसवणूक, पूर्वीचं ४२०, आता न्याय संहितेचं ३१८. हे मी त्यांना सांगायचं? ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बाई म्हणाल्या, धंद्यासाठी घेतलंय, मग तुम्ही ग्राहक नाही. हेही अर्धंच. स्वतःच्या हाताने काम करून पोट भरायला घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक कायद्यात बसते, वकिलाने कलम दाखवलं. त्याचे ५००.

चौथ्या फेरीला अर्ज घेतला. पोच मागितली तर शिक्का कपाटात आणि चावी साहेबांकडे. मी निघालो तेव्हा हवालदाराने मागून हाक मारली. वाटलं, शिक्का सापडला.

"काका, बाल्कनीची ग्रिल स्क्वेअर फुटाला काय भावाने लावता?"