देवपुरातील ड्रायव्हिंग स्कूल: शिकवणाऱ्याचे पाय कोठे असतात?

ड्रायव्हिंग स्कूलविषयी विचारणा करताना लोक सहसा शुल्क किती, गाडी कोणती आणि लायसन्स कधी हाती पडेल, एवढेच विचारतात. धुळ्यात देवपूर भागातील ज्या स्कूलमध्ये मी गिअरची गाडी शिकले, त्याविषयी लिहिताना मला आणखी एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो: गाडी शिकवत असताना शिकवणाऱ्याचे पाय काय करत असतात? शिकवणीच्या गाडीत डाव्या सीटपुढेही ब्रेक आणि क्लच बसवलेले असतात. गाडीचा ताबा शिकवणाऱ्यालाही घेता यावा, अशी दुहेरी यंत्रणा असणे नियमाने बंधनकारक आहे आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ती हवीच. परंतु बहुतेकांचे शिक्षण फसते तेही याच पेडलांपाशी. शिकणाऱ्याने क्लच घाईने सोडला की शिकवणारा तो आपल्या बाजूने हळूच दाबून धरतो, गाडी बंद पडत नाही आणि शिकणाऱ्याला वाटते की आपल्याला जमले. माझा पुतण्या दुसऱ्या एका स्कूलमधून असाच शिकून आला. लायसन्स त्याच्या खिशात आहे, परंतु घरची गाडी फाटकाच्या उंबऱ्यावर हटकून बंद पडते.

देवपुरातील या स्कूलचे संचालक, ज्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांची पद्धत निराळी आहे. डाव्या बाजूच्या पेडलला पाय लावावा लागला की ते मोठ्याने ‘माझा पाय’ असे म्हणतात. गाडी सुरळीत निघाली ती आपल्यामुळे की आबांमुळे, याविषयी त्यामुळे कसलीच शंका राहत नाही. सुरुवातीला हे शब्द सारखे ऐकू येतात आणि थोडे ओशाळल्यासारखे होते. पुढे ते विरळ होत जातात आणि आपली प्रगती आपल्यालाच कळते. गाडी बंद पडली तर ते ती पडू देतात. मागून हॉर्न वाजू लागले आणि माझा हात थरथरू लागला, की त्यांचे ठरलेले अहिराणी वाक्य येई, “ताई, घाई कसाले? गाडी कोठे जाई नही राहिनी.”

पहिले धडे रहदारीत नव्हे, तर एका मोकळ्या, सपाट जागेत होतात आणि त्यांत ॲक्सिलरेटरला पाय लावायचाच नसतो. क्लच पूर्ण दाबायचा, पहिला गिअर टाकायचा आणि मग पाय इतक्या सावकाश वर आणायचा की इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, स्टीअरिंगमध्ये बारीक कंप जाणवतो आणि गाडी आपल्या आपण सरकू लागते. क्लच ‘पकडतो’ म्हणतात ती जागा हीच. इंजिन सतत फिरत असते आणि चाके थांबलेली असतात. या दोहोंमधील फरक क्लचप्लेटने थोडा वेळ घसरत भरून काढायचा असतो. तो वेळ दिला नाही तर इंजिन बंद पडते, आणि गरजेपेक्षा जास्त दिला तर प्लेट झिजते व जळका वास येतो. एवढे कारण समजावून सांगणारा शिक्षक मिळणे दुर्मीळ आहे. चालत्या गाडीत क्लचवर पाय ठेवून बसण्याची सवय ते सुरुवातीलाच मोडून काढतात. प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या उंचीवर पकडतो, म्हणून शेवटच्या टप्प्यात ते आपल्या घरच्या गाडीवरही सराव करून घेतात. मला सर्वाधिक उपयोग त्याचाच झाला.

चढावर गाडी उभी करून पुन्हा काढणे हा गिअरच्या गाडीतील सर्वांत धसक्याचा भाग. मुंबई-आग्रा महामार्गावरील लळिंग घाटात कंटेनरच्या रांगेत अडकलेल्या कोणालाही तो ठाऊक असेल. नवशिक्यांना आबा तेथे नेत नाहीत; पांझरा नदीकडे उतरणाऱ्या एका कमी वर्दळीच्या रस्त्यावर ते गाडी चढाच्या तोंडी थांबवायला लावतात, हँडब्रेक ओढायला सांगतात आणि खाली उतरून मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर पाण्याची रिकामी बाटली ठेवतात. ते परत शेजारी येऊन बसले की थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा, क्लच पकडीपर्यंत आणायचा, बॉनेट जरासे उचलल्यासारखे वाटले की मगच हँडब्रेक सोडायचा. बाटली चुरगळल्याचा आवाज आला की पुन्हा पहिल्यापासून. अर्थात त्यापूर्वी मागे माणूस वा वाहन नाही, हे ते प्रत्येक वेळी पाहतात.

वळणे आणि रिव्हर्स शिकवण्यासाठी ते भल्या सकाळी जुन्या धुळ्यात नेतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्जच्या काळात आखलेल्या या सरळ, क्रमांकांच्या गल्ल्या काटकोनात वळण्याच्या सरावाला फारच सोयीच्या आहेत, मात्र दुकाने उघडण्यापूर्वीच. पाचकंदील परिसरात दहानंतर हातगाड्या, रिक्षा आणि दुचाकी यांच्यामधून पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी काढणे ही वेगळीच परीक्षा आहे. ती त्यांनी अखेरीस घेतली आणि मला ती आवडली नाही.

उणिवा स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार खासगी वाहनासाठीचे प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे असावे आणि त्यात शिकणाऱ्याने प्रत्यक्ष किमान १० तास गाडी चालवलेली असावी. येथे दिवस भरतात, तासांबाबत मात्र लक्ष ठेवावे लागते, कारण एका फेरीत तिघांना बसवले जाते आणि मागच्या सीटवर घालवलेला वेळ चालवण्यात धरता येत नाही. चालवलेल्या तासांची नोंदवही असते आणि तिच्यावर आपली सही घेतली जाते. ती न वाचता करू नये. मी वेळ कमी भरल्याचे दाखवून दिल्यावर आबांनी विनातक्रार तो भरून दिला, परंतु हे विचारावे लागू नये. रात्रीचे ड्रायव्हिंग मुळीच शिकवले जात नाही. वाहतुकीची चिन्हे व नियम यांचे वर्ग केवळ नावापुरते आहेत. शुल्कही आसपासच्या स्कूलपेक्षा काहीसे अधिक आहे.

हल्ली क्लचचे पेडल नसलेल्या ऑटोमॅटिक गाड्या वाढल्या असताना हा खटाटोप कशासाठी, असे मला घरात विचारले गेले. आपल्याकडे हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स दोन्ही प्रकारांना चालते, त्यामुळे कागदोपत्री फरक पडत नाही. परंतु आमची घरची गाडी गिअरची, दिराची शेतातील पिकअपही गिअरची, आणि साक्रीकडे अडचणीच्या वेळी निघायचे तर जी गाडी दारात असेल ती घ्यावी लागते. ज्यांच्या घरी ऑटोमॅटिकच आहे आणि तीच राहणार आहे, त्यांनी या स्कूलवर जास्तीचे पैसे घालवण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रवेश घेणाऱ्यांनी शिकाऊ लायसन्सचा अर्ज परिवहन खात्याच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर स्वतःच भरावा. ते लायसन्स सहा महिने चालते आणि ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. चाचणीसाठी स्कूलची गाडी हवी असल्यास त्याचे पैसे वेगळे पडतात, ते आधीच विचारून घ्यावेत. एप्रिल-मेमध्ये महाविद्यालयीन मुलांची गर्दी असते आणि खानदेशच्या उन्हात सकाळी नऊनंतर त्या गाडीत बसवत नाही, कारण एसी चालू केला की चढावर इंजिन दमते म्हणून आबा तो लावू देत नाहीत. सकाळी सहाची वेळ मिळत असेल तरच नाव नोंदवावे.