इन्सर्टसमोरचा काचेचा हार्थ पॅड: अख्खा हिवाळा वापरून झाल्यावर

सेलरच्या कस्टमर केअरशी परत एकदा वाजलं, म्हणून आता लिहूनच टाकतोय. हार्थ पॅड म्हणजे निखाऱ्यापासून फ्लोअर वाचवायला फायरप्लेससमोर टाकायचा तक्ता. आमचा ८ एमएम टेम्पर्ड काचेचा आहे, कडा घासलेल्या आणि खालून कडेने चिकटवायची पारदर्शक सीलिंग पट्टी. घर मॅसॅच्युसेट्समध्ये, जुनं, फायरप्लेसमध्ये लाकडावर चालणारा इन्सर्ट (म्हणजे फायरप्लेसच्या आत बसवलेली, दार असलेली बंद शेगडी), समोर जमिनीच्या लेव्हललाच विटांचा पट्टा आणि तो संपला की लगेच ओकचं फ्लोअर.

पॅड लागला कशाला, तर धुराडं साफ करायला येणाऱ्या माणसाने टेप लावून दाखवलं. विटा फायरप्लेसच्या तोंडापासून १६ इंच, म्हणजे उघड्या फायरप्लेसला पुरेशा (तोंड ६ चौरस फुटांपेक्षा लहान असेल तर समोर १६ आणि दोन्ही बाजूंना ८, त्याहून मोठं असेल तर २० आणि १२). पण आमचा इन्सर्ट सहा इंच पुढे आलाय आणि मॅन्युअल म्हणतं माप दारापासून घ्या, मग राहिले दहाच. लाकूड सरकवताना निखारा उडाला तर पडणार तो त्याच्या पलीकडे, थेट ओकवर. कॅनडात तर समोर १८ इंच लागतात.

सुरुवातीला पॅड जाम आवडला. खालचं लाकूड दिसतं, फडका मारला की स्वच्छ, आणि फायबरग्लासच्या रगसारखा सरकत नाही. रग ठिणगीपुरता ठीक आहे पण फ्लोअर प्रोटेक्टर म्हणून तो धरत नाहीत, त्यासाठी यूएल १६१८ (फ्लोअर प्रोटेक्टरचं अमेरिकन सुरक्षा मानक) चा शिक्का बघा.

थंडी वाढली, इन्सर्ट रोज पेटायला लागला आणि पट्टीचा गोंद सुटला. माझं सगळं घोडं इथेच अडलंय. पॅडची मागची कड विटांवर टेकते, विटांमधल्या सांध्यांना खाचा असतात, आणि पट्टी सुटली की बारीक राख त्या खाचांतून काचेखाली शिरून लाकडापर्यंत जाते. काच पारदर्शक, त्यामुळे ती करडी रेघ दिवसभर डोळ्यांसमोर. नुसतं दिसण्याचं असतं तर सोडून दिलं असतं, पण काच हलली की ती राख पॉलिशवर पॉलिशपेपरसारखी घासते, आणि फट उघडी म्हणजे बारीक निखाऱ्यालाही वाट मोकळी. सेलर म्हणे पट्टी वॉरंटीत येत नाही, नवी विकत घ्या, शिपिंग वेगळं. दोनशे डॉलरच्या वस्तूला वीतभर पट्टीसाठी हे लोक कानांवर हात ठेवतात, याचा मला खरंच संताप येतो.

तेव्हा एक स्टार द्यायचं पक्कं केलं होतं. मग फेब्रुवारीच्या बर्फात एका रात्री दार उघडलं आणि जळता ओंडका पुढे घसरला, त्याचा चांगला लिंबाएवढा निखारा तुटून विटांवरून टप्पा खाऊन काचेवर येऊन पडला. बायकोने चिमट्याने लगेच उचलला. सकाळी काच काढून खाली बघितलं तर ओकवर डाग नाही, काचेवर ओरखडा नाही. त्या रात्री पैसे वसूल झाले, हे मान्य करायलाच हवं.

पट्टीवरचा इलाज मग घरीच केला. नवी पट्टी घेतलीच नाही. काचेची कड जिथे टेकते तेवढ्याच खाचा फायरप्लेसच्या मॉर्टरने भरून विटांच्या लेव्हलला आणल्या, खर्च पट्टीपेक्षा कमी, आणि आता राख आत जात नाही. काच दहा-अकरा किलोची आहे, उचलताना दोघं लागा आणि कड कशावर आपटू देऊ नका. टेम्पर्ड काच मधे दणकट असते पण कडेला टवका उडाला तर अख्खी फुटते.

एक गोष्ट मात्र घेण्याआधी बघाच. हा पॅड फक्त निखाऱ्यासाठी आहे, उष्णतेसाठी नाही, आणि सेलरच्या पेजवर ते पार तळाशी बारीक अक्षरांत आहे. आमच्या मॅन्युअलला निखाऱ्यापुरतंच संरक्षण लागतं म्हणून चाललं. आमच्या ओळखीच्या एका काकांचा इन्सर्ट खूप खाली बसतो, त्यांच्या मॅन्युअलमध्ये आर व्हॅल्यू (थर उष्णता किती अडवतो त्याचं माप) १ च्या वर मागितलीय, तिथे ही काच काहीच कामाची नाही. लाकूड महिनोन्‌महिने तापत राहिलं की आतून कोळपतं आणि मग आधीपेक्षा कमी तापमानालाही पेट घेऊ शकतं, वरून बघून कळतसुद्धा नाही. त्यांना दुकानात नुसत्या टाइल्स लावा म्हणून सांगितलं होतं. टाइलची आर व्हॅल्यू जवळपास शून्य, अर्ध्या इंचाच्या सिमेंट बोर्डची साधारण ०.४, म्हणजे तीन थर टाकले तर कुठे जमतं, आणि मग फ्लोअर दीड इंच वर येतं, पायाला ठेच लागते ती वेगळीच. शेवटी त्यांनी इन्सर्टसमोरचं ओक तेवढं कापून काढायचं ठरवलंय, उन्हाळ्यात काम आहे. मापं घ्यायला मी जाणार आहे, टेप दारापासूनच लावणार.