शोधनिबंधाची खातरजमा: ब्लॉकचेन की क्रॉसमार्क?

पीडीएफमधला एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे ६४ अक्षर-अंकांचा ठसा, पार बदलतो. हा ठसा ओपनटाइमस्टॅम्प्ससारख्या सेवेतून बिटकॉइनच्या साखळीत, म्हणजे मागाहून बदलता न येणाऱ्या सार्वजनिक नोंदवहीत (ब्लॉकचेनमध्ये) नोंदवला, की ‘ही फाइल त्या तारखेला अशीच होती’ हे प्रकाशकाला न विचारता कुणीही पडताळू शकतो. शोध आधी कुणी लावला, या भांडणात हे नामी हत्यार आहे.

पण आतला मजकूर खरा का? तिथे साखळी मुकी. मे २०२० मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरचा निबंध छापला. सर्जिस्फिअर कंपनीच्या रुग्णनोंदींची शहानिशा होईना, म्हणून जूनमध्ये तो मागे घेतला गेला. हॅश मात्र बिनचूक जुळला असता!

शोधनिबंधांची नोंदणी करणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेचा मार्ग साधा: डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक, आणि त्याला जोडलेलं क्रॉसमार्कचं बटण. दाबलं की दुरुस्ती झाली का, निबंध मागे घेतला का, ते दिसतं. अर्थात प्रकाशकाने कळवलं असेल तर. ही उणीव २०२३ पासून थोडी भरून निघाली, कारण मागे घेतलेल्या निबंधांवर नजर ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची यादी क्रॉसरेफने घेऊन सर्वांना खुली केली.

संदर्भ देण्यापूर्वी मी डीओआयच तपासेन. अप्रकाशित मसुद्यावर किंवा डेटाफाइलवर तारखेचा शिक्का हवा असेल, तर मात्र ब्लॉकचेन.