डॉइचलांड-तिकीट : पोरांसकट रविवारची भटकंती आणि ते दीड युरो

जर्मनीभर चालणारं हे महिन्याचं तिकीट, त्याबद्दल फार सांगत बसत नाही. 2022 च्या उन्हाळ्यात महिन्याच्या 9 युरोंच्या तिकिटावर फिरलेल्यांना बरंचसं पाठ असेल : लोकल, बस, ट्राम, आरई-आरबी या प्रादेशिक गाड्या चालतात, आयसीई ही लांब पल्ल्याची वेगवान गाडी चालत नाही. फक्त याचे पैसे दरमहा आपोआप कापले जातात. मे 2023 मध्ये 49 युरोंना सुरू झालं, 2025 मध्ये 58 झालं आणि 2026 च्या जानेवारीपासून 63. आमचे दोघांचे 126. बँकेचं स्टेटमेंट बघितलं आणि लिहायला बसले.

आम्ही म्युनिकला राहतो. नवरा घरूनच काम करतो, म्हणजे त्याचं तिकीट वसूल व्हायचं ते शनिवार-रविवारीच. रविवारी इथे दुकानं बंद आणि पोरं दहा वाजेपर्यंत एकमेकांच्या उरावर, त्यामुळे बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नसतं. त्या बाबतीत तिकिटाला नावं ठेवायला जागा नाही. सकाळी आभाळ बघायचं. डोंगराकडे ढग असतील तर रेगेन्सबुर्ग शहर, ऊन असेल तर डोंगराकडचं टेगर्नझे. आगाऊ बुकिंगची भानगड नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि थर्मासमध्ये चहा घेतला की निघालो. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनापर्यंतसुद्धा हेच चालतं. तिथल्या शहर-बसला मात्र चालत नाही, मिराबेल बाग पायी गाठायची. बेर्ख्टेसगाडेनहून क्योनिग्सझे तळ्याची बस यात येते, बोट येत नाही.

टेगर्नझेला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. ती गाडी वाटेत होल्ट्सकिर्शेनला आणि पुढे शाफ्टलाखला तुटते, आणि तुकडे वेगवेगळ्या गावांना जातात. पोरं खिडकी दिसली की कुठल्याही डब्यात घुसतात. आधी डब्यावरची पाटी वाचा, मग बाबागाडी चढवा.

आता माझं खरं दुखणं. गेल्या शरदात एका रविवारी संध्याकाळी परतताना रुळांचं काम निघालं आणि सगळ्यांना बदली बसमध्ये बसायला सांगितलं. पहिली बस आली तीच भरून. बाबागाडी बघून ड्रायव्हरने नुसती मान हलवली. दुसरी आली तोवर धाकटा खांद्यावर झोपला होता आणि मोठीचे मोजे ओले. घरी पोचायला तासाच्या वर उशीर. दुसऱ्या दिवशी मी भरपाईचा नियम काढून वाचला. या तिकिटावर 60 मिनिटं किंवा जास्त उशीर झाला तर मिळतात 1.50 युरो. बरं, दीड तर दीड. पण 4 युरोच्या खालची रक्कम देतच नाहीत! म्हणजे तीनदा तासभर रखडा, मग साडेचार युरो घ्या.

नवरा म्हणतो, सोड ना. का सोडू? माझे आहेत ते. तेव्हापासून प्रत्येक उशिराचा स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये जातो. गाडी 50 मिनिटं रखडली की मी मनातल्या मनात म्हणते, थांब बाई अजून दहा मिनिटं. आणि ती मेली नेमकी 55 ला सुटते. नवऱ्याचं म्हणणं, "अगं, दीड युरोसाठी पोरांना थंडीत उभं करशील तू."

इथवर लिहिलं तेव्हा दोन्ही तिकिटं बंद करायचं नक्की होतं. महिन्याच्या 10 तारखेच्या आत कळवलं की महिनाअखेरीस बंद होतं. पण रात्री नीट हिशोब मांडला आणि मत बदललं. मोठीला सहा पूर्ण झाली. सहाच्या आतलं पोर फुकट. त्यानंतर आईबापांकडे हे तिकीट असलं तरी मुलाचं वेगळं काढावं लागतं. महागड्या आयसीईत आईबापांबरोबर 14 वर्षांपर्यंतचं मूल फुकट आणि या स्वस्तातल्या तिकिटावर नाही, याला काय म्हणायचं? बायर्न-तिकिटात, म्हणजे आमच्या बायर्न राज्यात एक दिवस फिरायच्या तिकिटात, मात्र स्वतःची मुलं 14 पर्यंत फुकट, नातवंडंसुद्धा.

मग तोडगा असा : माझं ठेवलं, कारण मला भाषेच्या क्लासला आणि पाळणाघरात रोज जावं लागतं. नवऱ्याचं बंद. ज्या दिवशी फिरायला जायचं त्या दिवशी त्याने एकट्याचं बायर्न-तिकीट काढायचं, मोठी त्याच्या तिकिटावर. ते शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून चालतं. इतर दिवशी सकाळी नऊच्या आत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत. उन्हाळ्यात सासू-सासरे येणार आहेत, तेव्हा माणशी जादा पैसे भरून त्यांनाही त्याच तिकिटावर घेता येईल, पाच जणांपर्यंत चालतं. शिवाय थंडीत पोरं शिंकायला लागली आणि महिना घरातच गेला, तरी 63 युरो फुकट गेले म्हणून हळहळ नाही.

बायर्नबाहेर राहणाऱ्यांनी आपापल्या राज्याच्या तिकिटाचे नियम वाचावेत, ते सगळीकडे सारखे नसतात. आणि कुणाच्या खात्यात ते साडेचार युरो खरंच जमा झाले असतील, तर किती दिवसांनी झाले तेवढं कळवा. माझ्या फोल्डरात अजून एक उशीर कमी पडतोय.